आवाज काढून मिळतील

चि. भाऊजी यांस,

वहिनीचे भरभरून आशीर्वाद. तुमचं पार्सल पोचलं. आलेला माल लिहून ठेवते, म्हणजे मागाहून बोलणं नको. खोकं एक, दोरीने बांधलेलं. आत गोल स्पीकर दोन, पैकी एकाची जाळी कडेला चेपली होती, ती चमच्याच्या दांड्याने सरळ केली. वायरीचं वेटोळं एक. रबराची कडी दोन. माहितीपत्रक एक, सहा भाषांमध्ये, त्यात आपली नाही. स्क्रू कागदावर आठ, प्रत्यक्षात सात. पार्सल आणणाऱ्याला वरती वीस दिले, कारण आपल्या घराला जिना नसतानाही तो जिना चढल्यासारखा धापा टाकत होता. दोरी सात हात, चांगल्या प्रतीची. तिची गाठ काही केल्या सुटेना, कापायला मन धजेना (कापली की दोरीची दोरी राहत नाही, तुकडे होतात), म्हणून शेवटी खोकंच दाबून चेपलं आणि दोरी गाठीसकट, बांगडी उतरवावी तशी काढली. ती आपल्या दोऱ्यांच्या खणात पंधरावी म्हणून जमा आहे.

तुमची प्रकृती, जाऊबाईंची कंबर, तिकडचं पाणी यांपैकी कशाबद्दलच तुम्ही लिहिलं नव्हतंत, त्यावरून सगळं ठीक असावं असं धरते. आम्ही इकडे देवाच्या दयेने खुशाल आहोत. काल सकाळी साडेदहा ते दुपारी पाऊण एवढा वेळ नव्हतो, पण ते ओघाने येईल. फोन का केला नाही असं विचाराल, तर फोन बैठकीत, मामंजींच्या आरामखुर्चीच्या हाताशी असतो. डोळे गेल्यापासून त्यांचे कान असे झालेत की मी स्वयंपाकघरात मनातल्या मनात जप केला तरी बैठकीतून विचारतात, आज लवकर उरकलास का. अशा माणसाशेजारी बसून तुमच्याशी काय बोलू.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. स्पीकर बसले का, आणि वीस तारखेला तीन वर्षांसाठी समुद्रापलीकडे बदलीवर जायच्या आधी दोन दिवस घरी येऊ का, की बाबा फाटकातूनच परत पाठवतील. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर पत्र लिहायला घेताना तरी माझ्यापाशी नाही. खोटा दिलासा मी देणार नाही, कारण खोटं बोलायचं नाही हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम आहे (लग्नानंतर तो जास्त कष्टाने पाळावा लागला, एवढंच). तेव्हा झालं ते सगळं लिहिते. तुम्हीच वाचून ठरवा.

चार वर्षांपूर्वी मामंजींनी गाडी फाटकाच्या खांबावर घातली आणि तुम्ही खुंटीवरची चावी उचलून खिशात टाकलीत, त्यातली तुमची बाजू तुम्हाला ठाऊक आहे. दिसत नसलेल्या माणसाने गाडी चालवू नये, हे बरोबरच होतं. पण इकडची बाजू अशी, की दुसरी चावी तेव्हाही त्यांच्या पेटीत होती आणि आजही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. मनात आणलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच गाडी काढली असती. काढली नाही. त्यांना दुःख चावी गेल्याचं नव्हतं, न विचारता गेल्याचं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जळलेला नाही. त्या दिवसापासून घरात तुमचं नाव निघत नाही. अगदीच अडलं तर ‘धाकटा’ म्हणतात, तेही हवामानाबद्दल बोलावं तसं. तुमच्या दादांना गाडी न्यायची असली की हे पन्नाशीचे गृहस्थ वडिलांपुढे उभे राहून चावी मागतात, आणि मामंजी दर वेळी क्षणभर थांबूनच देतात.

एवढं असूनही ते रोज सकाळी अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसायचे. चालकाच्या जागेवर, पाठ ताठ, हात चक्रावर, आणि बासरीची टेप लावायची. घरात माझी भांडी, शेजारची शिलाई मशीन, रस्त्यावरचे विक्रेते, सगळ्यांतून सुटून तास दीड तास त्यांचा तेवढाच प्रवास. मग दारांतले जुने स्पीकर फाटले. बासरी कढईत पाणी पडल्यासारखी तडतडू लागली, पुढे एका दाराने मौनच धरलं. मामंजींनी गाडीत बसणं सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. चारच्या दोन पोळ्या झाल्या, दोनाची एक. डॉक्टर पोट दाबून म्हणाले, दोष पोटात नाही. हेच मी तुम्हाला मागच्या पत्रात लिहिलं होतं आणि तुम्ही स्पीकर पाठवलेत, वर लिहिलंत की माझं नाव कळू देऊ नका, नाहीतर बाबा ते फाटकाबाहेर ठेवतील. ठेवले असते. म्हणजे माझ्यावर दोन कामं आली. स्पीकर बसवायचे, आणि खोटं न बोलता गप्प बसायचं. पहिलं सोपं वाटलं होतं.

बसवणारा मीच शोधला, तेव्हा पुढच्या सगळ्याचं खापर माझ्याच डोक्यावर. बाजारातले गाणी-बजावणीवाले दुकानदार तोंडाला येईल ते मागत होते. मागच्या गल्लीत मात्र एक कारागीर आहे, त्याची पाटी मी भाजी आणताना रोज वाचते: ‘गाडीतले सर्व प्रकारचे आवाज काढून मिळतील.’ मी मॅट्रिकला मराठीत अडुसष्ट मार्क मिळवलेली बाई. सर्व प्रकारचे आवाज काढून देतो म्हणजे बासरीचाही काढील, असा सरळ अर्थ मी घेतला. मजुरी बाजाराच्या निम्मी सांगितली, तिथे तर माझी खात्रीच पटली. आता तुम्हीच सांगा, गवई आवाज काढतो म्हणजे काय करतो, आणि दाताचा डॉक्टर दात काढतो म्हणजे काय करतो. क्रियापद तेच. हा माणूस दातवाल्यांपैकी होता.

पण आमचं बोलणं इतकं सुरळीत झालं की संशयाला जागाच नव्हती. मी म्हटलं, आमच्या गाडीच्या एका दारातून आवाजच येत नाही. तो म्हणाला, मग ते चांगलं आहे, दुसऱ्याचं बोला. मला वाटलं, विनोदी आहे. मी म्हटलं, दुसऱ्यातून नुसती खरखर, ती जाऊन असं झालं पाहिजे की दार लावलं की माणसाने ऐकत राहावं. त्याने डोळे मिटून मान डोलावली. असं ऐकून घेणारा कारागीर मला आयुष्यात भेटला नव्हता.

सोमवारी त्याने दिवसभर दोन्ही पुढची दारं खोलून काम केलं. मी खोकं त्याच्याजवळ नेऊन ठेवलं होतं, त्यावर बसून त्याने डबा खाल्ला. संध्याकाळी मला हाक मारून म्हणाला, आता ऐका, आणि दार लावलं. भाऊजी, काहीही ऐकू आलं नाही. दार लागलं की नाही हे ओढून बघावं लागलं. आत त्याने फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जाड थर ठासले होते, बिजागऱ्यांना वंगण, कडांना रबर. बारा वर्षं कुरकुरणारं दार, पाहुण्यांसमोर सून बसावी तसं मुकाट. तो माझ्या तोंडाकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होता आणि मी खोक्याकडे. मग आमची व्याकरणावर चर्चा झाली. ती लिहीत नाही. शेवटी मी पाटीपर्यंत जाऊन वाक्याचे दोन्ही अर्थ त्याला समजावून दिले आणि बजावलं की पाटी दुरुस्त तरी कर किंवा माझं काम तरी. त्याला काम स्वस्त वाटलं असावं.

मंगळवारी त्याने स्पीकर बसवले. पूर्वी कधी बसवले नव्हते, हे त्याने बसवून झाल्यावर सांगितलं. तुमच्या स्पीकरच्या पाठीचं लोहचुंबक वाटीएवढं जाड, वर फेल्टचे थर, दारात माणसाला श्वास घ्यायला जागा नाही. त्यामुळे माझ्या बाजूची काच दोन बोटं खाली आली आणि टक करून थांबली ती पुन्हा वर जात नाही, आणि मामंजींच्या बाजूची मुळीच हलत नाही. मी हे दाखवलं तर म्हणाला, काच उघडायची कशाला, आवाज बाहेर जाईल. सगळं आवरल्यावर त्याच्या हातात वीतभर लोखंडी काडी उरली, दोन्ही टोकांना वाकवलेली. ती म्हणे कंपनी जास्तीची टाकते. टाकून देत होता, मी ठेवून घेतली आणि वहीत लिहिलं: काडी एक, उपयोग अज्ञात.

बुधवारी, म्हणजे काल सकाळी, मामंजींना बाहेर काढलं. काठी टेकत गाडीपर्यंत आले, दारावर हात फिरवला, नवी जाळी बोटांना लागली आणि उभे राहिले. हे कुणी आणलं, म्हणाले. मी सांगितलं, पार्सलवाल्याने. पैसे कुणी दिले, म्हणाले. मी सांगितलं, वीस मी दिले. दोन्ही अक्षरशः खरं. तुमचे दादा मागे उभे राहून घाम पुसत होते. मामंजी आणखी काही विचारतील म्हणून मी मनातल्या मनात देवाला हाक मारली, आणि (हे ते ऐकतात हे लक्षात येऊन) ती अर्धीच ठेवली. ते आत बसले, चावी लावली, आणि त्यांच्या जुन्या सवयीने बसल्या बसल्या कुलपाचं बटण दाबलं. ते एक दाबलं की चारही दारं बंद होतात, आणि ते वर आल्याशिवाय एकही उघडत नाही. अडतीस वर्षं टपाल खात्यात पार्सलबांधणीच्या टेबलावर काढली आहेत त्यांनी, कुठलीही गोष्ट बंद केल्याशिवाय ती पुरी झाली असं त्यांना वाटत नाही.

मग बासरी लागली. बाहेर आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, फेल्ट चोख बसलं होतं आणि आवाज त्यांनी हळू ठेवला होता. पण आम्हाला त्यांचं तोंड दिसत होतं. भाऊजी, चार महिन्यांत मी ते तोंड पाहिलं नव्हतं. डोळे मिटलेले, अंगठा चक्रावर ठेका धरतोय, आणि मधेच भुवया अशा वर जातात की जणू हीच टेप आजवर कुणीतरी त्यांच्यापासून दडवून ठेवली होती. तुमचे दादा म्हणाले, बघू, आता पोळ्या वाढतील. मी मनात म्हटलं, तुम्हाला लगेच पत्र लिहीन, आणि पत्र केवढं सुखाचं होईल. पाव तास आम्ही अंगणात उभे होतो, मुक्याच्या मैफलीला आल्यासारखे.

टेपची बाजू संपली. मामंजींनी दार उघडायला आतली मूठ ओढली. ती सैल हलली, मेलेल्या माशाचा कल्ला हलावा तशी, आणि दार जागचं हललं नाही. पुन्हा ओढली. मग कुलपाचं बटण वर खेचायला गेले, तर ते फेल्टमध्ये रुतून बसलं होतं, बोटात येईना. बाहेरून आम्ही मूठ ओढली, पण कुलूप लागलेलं. कुलूप बाहेरून उघडतं चावीने, आणि चावी आत. खुंटीवरची ती चावी, भाऊजी, तुमच्याकडे, चारशे मैलांवर. तेव्हा मला ती काडी आठवली. आतल्या मुठीपासून कडीपर्यंत जाणारी जी काडी असते, ती मी पुसून, तेल लावून खणात ठेवली होती.

ऊन अंगणात उतरलं होतं. भिंतीची सावली गाडीवर होती तोवर ठीक, पण ती बघता बघता बॉनेटवरून सरकून गेली आणि मामंजींच्या कपाळावर घाम दिसायला लागला. एकोणऐंशी वर्षांचा रक्तदाबाचा माणूस, पत्र्याच्या खोक्यात, हवेला दोन बोटांची फट. मी माझ्या बाजूच्या दोन बोटांच्या फटीला तोंड लावलं आणि म्हटलं, मामंजी, दार अडकलंय, चावी द्या, बाहेरून उघडते. माझ्या मते यात गैर काही नव्हतं. पण त्यांनी काय ऐकलं असेल याचा विचार करा. न दिसणारा माणूस, दारं लागलेली, उघडत नाहीत, आणि बाहेरून घरची माणसं म्हणतायत चावी द्या.

“एकदा गेली तेवढी पुरे,” ते म्हणाले.

आणि त्यांनी टेप उलटी करून लावली, आवाज वाढवला, इतका की दोन बोटांच्या फटीतून बासरी फुंकर घातल्यासारखी माझ्या तोंडावर यायला लागली. भाऊजी, तुम्ही पाठवलेल्या स्पीकरची ताकद मला तिथे कळली. मी ओरडत होते, तुमचे दादा ओरडत होते, आणि आत ताठ बसलेल्या माणसाला त्याची गरज नव्हती. दादा धावत त्या कारागिराकडे गेले, तर दुकानाला कुलूप, वर तीच पाटी. परत आले ते हातात दगड घेऊन. मी म्हटलं, फोडा मग काच. ते म्हणाले, बघू. कुठली फोडू? त्यांच्या बाजूची फोडली तर काच अंगावर, दुसरीकडची फोडली तर ते दचकतील, डोळ्यांनी काही दिसत नाही, हृदयाचं काही झालं तर. दगड हातात धरून तो माणूस गाडीभोवती फिरत होता आणि मी त्याच्यामागे. मामंजींचा सदरा पाठीला चिकटला होता. अंगठ्याचा ठेका थांबला होता. तरी आवाज कमी करत नव्हते.

मी घरात पळाले. खण ओढला. ती काडी हाताशी होती, आणि त्याच खणात दोऱ्या असतात. तुमच्या खोक्याची दोरी घेतली, काडी तिच्या गाठीपाशी अडकवली आणि बाहेर आले. बेत असा होता की दोरी फटीतून आत सोडायची, काडीच्या वजनाने ती त्यांच्या मांडीवर पडेल, ते चावी दोरीला बांधतील आणि मी ओढून घेईन. त्यांचा हात माझ्या बाजूपर्यंत पोचत नाही, मधे तो गियरचा दांडा आणि त्यांचे गुडघे. पहिल्या झोक्याला काडी खिडकीलाच आपटली. दुसऱ्याला खाली पडली. तिसऱ्याला देवाचं नाव घेतलं, पुरतं घेतलं, आणि दोरी त्यांच्या मांडीवर जाऊन पडली.

त्यांनी ती झटकली नाही. सवयीने हातात घेतली. पार्सलवाल्या माणसाच्या हातात दोरी आली की ती आपोआप बोटांवरून सरकायला लागते, तशी सरकली, आणि गाठीवर येऊन थांबली. बोटं गाठीभोवती एकदा फिरली. मग परत उलटी फिरली. त्यांनी हात लांब करून बासरी बंद केली. भाऊजी, आतापर्यंत मला वाटत होतं की सगळ्यात भयंकर म्हणजे तो मोठा आवाज. तसं नव्हतं.

“ही दोरी कुणाची?” ते म्हणाले.

मी म्हटलं, पार्सलची.

“कुणाच्या पार्सलची?”

तुमचे दादा मागून मला नको नको अशी खूण करत होते, दगडासकट. इतक्या वर्षांच्या नेमाने मी एक शिकले आहे, की खोटं न बोलता गप्प बसायलाही एक मर्यादा असते, आणि सरळ प्रश्न आला की ती संपते. मी फटीला तोंड लावून म्हटलं, “तुमच्या धाकट्याच्या. स्पीकर त्यांनीच पाठवलेत. मी सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं नव्हतंत.”

घामाचा एक थेंब त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळत राहिला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो पडला की निकाल लागणार. अखेर म्हणाले, “गाठ चुकली आहे.”

आणि मग, भाऊजी, त्यांनी ती गाठ सोडायला घेतली. आम्ही बाहेर जीव मुठीत धरून उभे, आत भट्टी झालेली, आणि हे गृहस्थ मान खाली घालून नखाने दोरीचा पीळ उकरतायत. मी म्हटलं, मामंजी, आधी चावी बांधा. ते म्हणाले, चुकलेल्या गाठीला बांधणार नाही. आठ दिवस मला न सुटलेली गाठ त्यांनी सोडवली, पण तिला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही, पाहण्याची हिंमत नव्हती. मधेच ते स्वतःशीच बोलले की याला सातव्या वर्षीच सांगितलं होतं, शेवटचं टोक वरून नाही, खालून घालायचं. वरून घातलं की गाठ धरते घट्ट, पण सुटत नाही. मग त्यांनी चावी खेचून काढली, दोरी ओवली, दोन वेढे घेतले, टोक खालून घातलं, आणि म्हणाले, “ओढ.”

चावी फटीतून बाहेर आली. गाठ मी नुसतं एक टोक ओढलं आणि सुटली. दार उघडलं तेव्हा पाऊण वाजला होता. मामंजी माझा हात धरून उतरले, पाण्याची दोन भांडी प्याले, दोरी माझ्या हातातून मागून घेतली (मागून, हिसकावून नव्हे) आणि खोलीत जाऊन बसले. दार लावून घेतलं. ते दार लागल्याचा आवाज मात्र चांगला मोठा आला, ते आमच्या कारागिराच्या हाताखालून गेलेलं नाही.

तर असं आहे. त्यानंतर कालपासून त्यांनी तुमच्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. रागावले म्हणावं तर स्पीकर फाटकाबाहेर ठेवले नाहीत, निवळले म्हणावं तर बोलत नाहीत. ‘गाठ चुकली आहे’ यातून या असं काढावं की येऊ नका असं, हे मला कळत नाही, आणि काढणे या क्रियापदावरचा माझा विश्वास हल्ली उडाला आहे. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची जागा इथे कोरी सोडते. जाऊबाईंना आशीर्वाद. थंड जागी बदली असेल तर तुमचे दादा लोकरीचा मफलर देतो म्हणतात. बघू म्हणाले नाहीत, चक्क देतो म्हणाले.

तुमची,
वहिनी

ता.क. गुरुवार संध्याकाळ. पत्र टाकायला तुमच्या दादांना धाडणार होते, पण जरा थांबले. मामंजींनी आज तीन पोळ्या खाल्ल्या. दिवसभर ती दोरी घेऊन घरभर फिरले आणि दिसेल त्याला, म्हणजे हाताला लागेल त्याला, गाठ मारून बघितली. खुर्चीचा पाय, बादलीचा कान, माझ्या हिशेबाच्या वहीची पाठ. ती उघडायला मला त्यांची परवानगी लागली. दर गाठ एका ओढीत सुटते का ते मला तपासायला लावतात. संध्याकाळी पुन्हा गाडीत जाऊन बसले (काडी आता जागेवर आहे, कारागिराने मुकाट्याने बसवून दिली, मजुरी मागितली नाही आणि मी दिली नाही). या वेळी कुलपाचं बटण दाबलं नाही.

ता.क. दुसरा. शुक्रवार सकाळ. मला वाटलं, ती बरोबर मारलेली गाठ नमुना म्हणून या पाकिटात घालून पाठवावी. त्यांच्याकडे दोरी मागितली. धाकट्याला पाठवते म्हटलं, नाव न घेता. त्यांनी दोरी मुठीत घट्ट धरली आणि म्हणाले, “गाठ टपालाने शिकवता येत नाही. अडतीस वर्षं तिथे होतो, मला ठाऊक आहे.” मग म्हणाले, “आणि यायचं तर विचारून यावं.” कोरी सोडलेली जागा आता तुम्हीच भरा.

ता.क. तिसरा, आणि हा वाचून झाल्यावर फाडून टाका. वर मी लिहिलंय की खण ओढला, आत दोऱ्या होत्या आणि तुमच्या खोक्याची घेतली. त्यात खोटं अक्षर नाही. फक्त ती सगळ्यांत तळाशी होती. वरच्या चौदा मी बाजूला केल्या, त्यांत दोन तर जास्त लांब होत्या आणि एकीलाही गाठ नव्हती. तुमचे दादा बाहेर दगड घेऊन फिरत होते आणि मी खणात धुंडाळत होते. चौदांपैकी कुठलीही चालली असती का, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून नेम शाबूत आहे.

तेव्हा आता असं करा. तुमच्याकडची ती चावी बरोबर आणा आणि त्यांच्या हातात द्या, बोलू काही नका. आठवा स्क्रू तिकडे सापडला तर तोही आणा. पण त्याआधी एक पत्र पाठवा, माझ्या नावाने नको, त्यांच्या नावाने. मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडे येईल. लांबण लावू नका. येऊ का, एवढंच विचारा. उत्तर काय येणार ते इकडे घरातल्या भांड्यांनाही कळलंय, तरी विचारा, आणि उलट टपाली विचारा. वीस तारीख जवळ आहे.